महिना २५ तारखेलाच का संपतो?

तुम्ही लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, बसमध्ये असाल किंवा रात्री भांडी घासता घासता कानात इअरफोन घातला असेल, आजचा विषय तुमच्या खिशातलाच आहे. घरखर्च आणि बचत.

आधीच सांगते, आज मी कुठला शेअर घ्या, कुठल्या फंडात पैसे टाका हे काही सांगणार नाहीये. त्याच्या आधीची एक पायरी आहे आणि ती सगळ्यांची राहून जाते. पगार झाल्यापासून पुढचा पगार होईपर्यंत आपल्या पैशांचं नेमकं होतं काय, एवढंच आज बघायचंय.

तुम्ही ज्या व्हॉइस नोट्स पाठवता ना, त्यांत एक वाक्य सारखं येतं. "ताई, पगार तसा बरा आहे, उधळपट्टी काही करत नाही, पण २५ तारीख आली की खात्यात काही उरत नाही." मला हे वाक्य खरं वाटतं. यातले बहुतेक जण खरंच उधळे नाहीत. महागडा फोन नाही, दर शनिवारी पार्टी नाही. तरीही महिना लवकर संपतो. मग गळती आहे कुठे?

त्यासाठी जरा आपल्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊ. तुमच्याकडे असं होतं का आठवून बघा. आईचे पैसे कधीच एका जागी नसायचे. दूधवाल्याचे कॅलेंडरच्या मागे, फीचे कपाटात साडीच्या घडीत, गॅसचे फडताळावरच्या बरणीत, आणि कुणालाच माहीत नसलेले डाळीच्या डब्यात. लहानपणी आपल्याला हे गमतीचं वाटायचं. पण त्यात एक पक्की पद्धत होती. प्रत्येक नोटेला ती खर्च व्हायच्या आधीच नाव मिळालेलं असायचं. दुधाच्या पैशांनी आईस्क्रीम आणायचं म्हटलं तर हात आपोआप थांबायचा, कारण ते 'दुधाचे' पैसे होते.

मग आलं २०१६. त्या वर्षी यूपीआय सुरू झालं. आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या. डाळीच्या डब्यातले, साडीच्या घडीतले, नवऱ्यालाही न सांगता साठवलेले पैसे बाहेर काढून बँकेच्या रांगेत उभं राहावं लागलं. म्हणजे बघा, एकाच वर्षात घरोघरचे डबे रिकामे झाले आणि फोनमधलं पाकीट उघडलं.

यूपीआयला मी नावं ठेवत नाहीये बरं का. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, भाजीवाल्या मावशींनाही थेट खात्यात पैसे मिळतात, गावी आईबाबांना एका मिनिटात पैसे पोचतात. माझंही त्याच्याशिवाय चालत नाही. पण डबा जे काम करायचा ते फोन करत नाही. फोन एकच आकडा दाखवतो. १० तारखेला तो म्हणतो, शिल्लक १४,०००. आपण म्हणतो, आहेत की! पण त्यातले ५,००० घरी पाठवायचे आहेत, दीड हजार वीज-गॅस-वायफायचे आहेत, पुढच्या महिन्यात गाडीचा विमा आहे. आपल्या हातात खरे किती आहेत? ते तो आकडा सांगत नाही.

आणि दुकानदाराच्या काउंटरवरची ती छोटी पेटी ऐकलीये ना? "साठ रुपये प्राप्त झाले." पैसे आले हे ती दुकानदाराला मोठ्यानं ओरडून सांगते. आपले गेले हे सांगणारा एक मेसेज येतो, तो ओटीपी आणि ऑफर्सच्या गर्दीत न वाचलेलाच राहतो.

तर माझं आजचं म्हणणं एका ओळीत असं आहे: पैसे खर्च होण्याआधी त्यांना नावं द्या. आईचे डबे फोनमध्ये परत आणा. आता हे करायचं कसं ते पाहू.

पहिली गोष्ट. गेल्या महिन्याचं बँक स्टेटमेंट काढा. बँकेच्या अ‍ॅपवर फुकट मिळतं. एक कागद घ्या, खरा कागद, आणि प्रत्येक खर्च चार खणांत टाका. एक, दर महिन्याला ठरलेला खर्च. दोन, खाणं आणि सामान. तीन, हौस. आणि चार, 'आठवत नाही'. हा चौथा खण फार महत्त्वाचा आहे. ७०, १२०, ४५, १९९ असे आकडे असतात आणि कशाचे होते तेच आठवत नाही. ज्या खर्चाची आठवणही उरत नाही, तो कमी झाला तर दुःख कशाचं होणार? कात्री तिथे आधी लावायची. वडापाव आवडतो म्हणून खाल्ला, तर तो हौसेच्या खणात आनंदानं लिहा. तो बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही.

स्टेटमेंट बघताना ऑटोपेही शोधा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा एक विभाग असतो. एक महिना फुकट म्हणून घेतलेलं अ‍ॅप, कधीतरी एका मालिकेसाठी घेतलेलं ओटीटी, फोटो साठवायची जागा, हे सगळं तिथे गुपचूप बसलेलं असतं. जे वापरत नाही ते तिथल्या तिथे रद्द करता येतं.

दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष वाटणी. आपण एक उदाहरण घेऊ. एक मुलगी धरा, वय २५, पुण्यात नोकरी, तिघींनी मिळून फ्लॅट घेतलाय, हातात येणारा पगार ३२,०००. आकडे पाठ करू नका, ब्लॉगवर खाली लिहून दिलेत.

भाड्यातला तिचा हिस्सा: ७,५००
जेवण आणि वाणसामान: ५,०००
वीज, गॅस, वायफाय, मोबाइल: १,५००
रोजचा प्रवास, पेट्रोल: १,८००
गावी घरी पाठवायचे: ५,०००
एकूण: २०,८००

उरले ११,२००. इथे बरेच जण म्हणतात, चला, ११,००० मोकळे! थांबा. अजून एक डबा राहिलाय आणि महिन्याचं गणित सगळ्यात जास्त तोच बिघडवतो. त्याचं नाव 'वर्षातून एकदा'. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, दिवाळीचे कपडे, गावी जायचं तिकीट, मैत्रिणीच्या लग्नातला आहेर, चष्मा, एखादी दाताची तक्रार. हे खर्च आले की आपण म्हणतो, "या महिन्यात अचानक खर्च आला." अहो, दिवाळी दर वर्षी येते, ती अचानक कशी? विम्याची तारीख तर पॉलिसीवर छापलेली असते. या मुलीनं वर्षाची यादी केली, बेरीज आली २४,०००. म्हणजे महिन्याला २,००० बाजूला काढायचे. उरले ९,२००.

आता बचत. ती म्हणते ४,०००. उरले ५,२००. हे तिचे, सर्वस्वी तिचे. सिनेमा, चहा, बाहेरचं खाणं, नवी कुर्ती, काहीही. कुणाला हिशोब द्यायचा नाही. फक्त ते महिन्याचे म्हणून न ठेवता आठवड्याचे करायचे. ५,२०० गुणिले १२ म्हणजे वर्षाचे ६२,४००. त्याला ५२ आठवड्यांनी भागलं की बरोबर १,२०० येतात. दर सोमवारी १,२००. महिना मोठा असतो, त्यात हरवायला होतं. आठवडा लहान असतो. गुरुवारी २०० उरले तर शुक्रवारी काय करायचं ते आपल्याला कळतं, आणि गडबड झालीच तरी सोमवार काही लांब नसतो.

तुमच्यापैकी काही जणांनी ५०-३०-२० चा नियम ऐकला असेल. निम्मा पगार गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. हा नियम लोकप्रिय झाला एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांच्या २००५ सालच्या अमेरिकन पुस्तकामुळे. विचार चांगला आहे. पण आपल्या या मुलीचे २०,८०० म्हणजे पगाराच्या ६५ टक्के झाले, त्यात गावी पाठवायचे पैसेही आले. मग ती नापास झाली का? अजिबात नाही. आईबाबांना पैसे पाठवणं ही आपल्याकडे हौसही नाही आणि नुसती गरजही नाही, ते कर्तव्य आहे. तिची बचत साडेबारा टक्के आहे. आज तेवढीच झेपते, तर तेवढीच बरोबर. पगार वाढला की आकडा वाढवायचा. दुसऱ्याच्या अंथरुणाचं माप घेऊन आपले पाय मोजू नका.

तिसरी गोष्ट, हे डबे फोनमध्ये बनवायचे कसे. सोपं आहे. दोन खाती ठेवा. पहिल्यात पगार येतो, भाडं आणि बिलं तिथूनच जातात. दुसरं, किमान शिल्लक ठेवावी लागत नाही असं खातं. यूपीआयला फक्त हे दुसरं खातं जोडायचं. दर सोमवारी पहिल्यातून दुसऱ्यात १,२०० टाकायचे, आणि सामानाचे पैसे त्याच्याबरोबर. मग टपरीवर क्यूआर कोड स्कॅन कराल तेव्हा फोन जी शिल्लक दाखवेल ती खरी असेल. सगळे पैसे समोर दिसतच नाहीत, त्यामुळे मनाला लगाम घालायचे कष्टही कमी होतात.

बचतीचे ४,००० पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापले जातील असं करा. बँकेचं आवर्ती ठेव खातं, म्हणजे आरडी, यासाठी उत्तम. पोस्टातली आरडी महिना १०० रुपयांपासून सुरू होते, तिची मुदत ५ वर्षांची असते. बँकेत त्याहून कमी मुदतीचीही मिळते. व्याज फार मिळतं असं नाही, पण पहिल्या वर्षी व्याजाचा विचारच करू नका. पहिल्या वर्षी फक्त सवय कमवायची. आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर बँक बुडाली तरी एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं.

महिन्याच्या शेवटी उरेल ते वाचवू, असं करू नका. शेवटी काही उरत नाही हे आपण सगळे दर २५ तारखेला बघतोच.

आता मंडळी, हे सगळं कशासाठी? इथे जरा माझ्या घरातलं सांगते.

आम्ही डोंबिवलीला राहतो. आई, मी आणि धाकटा भाऊ. बाबा गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या कंपनीनं आमचा सगळा विभागच बंद केला. मंगळवारी मेल आला, शुक्रवार शेवटचा दिवस. घरी येऊन आईला सांगितलं. आई काही रडली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. तिनं पोळीचा तवा खाली उतरवला आणि विचारलं, "अगं, आपल्याकडे किती महिने आहेत?"

किती पैसे आहेत, असं नाही विचारलं. किती महिने आहेत?

आणि मला उत्तर माहीत होतं, कारण घराचा कमीत कमी खर्च लिहिलेला होता. किराणा, वीज, गॅस, सोसायटी, आईची औषधं, भावाचा क्लास, सगळं धरून महिना २४,०००. आणि तीस महिने दर महिन्याला ३,६०० बाजूला टाकत होते, त्याचे झाले होते १,०८,०००. भागिले २४,०००. साडेचार महिने. मी म्हटलं, "साडेचार." आई म्हणाली, "मग आज जेवून घे."

तिसऱ्याच आठवड्यात एक नोकरी मिळत होती. पगार आधीपेक्षा ८,००० नी कमी, वर कायमची रात्रपाळी. हातात काही नसतं तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. मी नाही म्हणू शकले. चौथ्या महिन्यात बरी नोकरी लागली. भावाच्या परीक्षेची फी वेळेवर भरली, आईच्या बांगड्या गहाण गेल्या नाहीत, कुणाकडे हातउसने मागावे लागले नाहीत. ३,६०० रुपयांनी एवढं काम केलं.

पण त्या काळातली अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मी आईच्या वहीतले आकडे फोनमध्ये भरत होते. दुधाची ओळ बघितली तर रक्कम निम्मी. एक लिटरचं अर्धा लिटर झालं होतं. माझ्या आणि भावाच्या चहात काहीच फरक नव्हता. आई कोरा चहा पीत होती. कुणाला न सांगता.

आपल्याकडे घरात काटकसर सुरू झाली की ती बहुतेक वेळा आईच्या ताटातच सुरू होते. ती कुणाला दिसत नाही, म्हणून तिला कुणी खर्चही म्हणत नाही. हिशोब लिहिलेला होता म्हणून मला दिसली. त्या दिवशी आम्ही तिघं बसलो आणि ठरवलं. दूध पुन्हा एक लिटर, त्याऐवजी माझं ओटीटी बंद, भावाचा मोबाइलचा प्लॅन साधा. तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी चहा घेताना आम्ही तिघं वीस मिनिटं हिशोबाला बसतो. काय कापायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, कुणी एकट्यानं नाही. तुम्ही फ्लॅटमेट्सबरोबर राहत असाल, नुकतंच लग्न झालं असेल, आईबाबांजवळ असाल, हे तुम्हालाही करता येईल. आणि घरातली कुठली काटकसर तुम्हाला अजून दिसलेलीच नाहीये, हे एकदा वहीत बघा.

म्हणून मी सांगते, बचत महिन्यांत मोजा. ४०,००० रुपये साठले म्हटलं की डोक्यात लगेच नवा फोन येतो. "माझ्याकडे दोन महिने आहेत" म्हटलं की फोन येत नाही. आधी एका महिन्याचा खर्च साठवा, मग तीन महिने, मग सहा. त्यानंतर खुशाल गुंतवणुकीचे व्हिडिओ बघा.

आता रोजच्या काही साध्या सवयी. भाषण न देता, आकड्यांसकट.

एक, वीज. बिलावरची रक्कम बघण्याआधी युनिट बघा. महावितरणच्या घरगुती दरांना टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, आणि तसाच पुढे चढत जातो. म्हणजे कमी केलेलं प्रत्येक युनिट हे तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं युनिट असतं. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला तरी एक युनिट. रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३०. जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट होतात. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढाच वेळ फिरवला तर ११ पेक्षा कमी. घर भाड्याचं असलं तरी पंखा तुमचा, जाताना काढून नेता येतो.

दोन, लोकलचा पास. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट दरात मिळतो आणि वर्षाचा १०.८ पट. म्हणजे वर्षाचा काढला तर सव्वा महिन्याच्या आसपास प्रवास फुकट. मग सगळे वर्षाचा का नाही काढत? कारण एकदम तेवढे पैसे हातात नसतात. हीच गोष्ट तांदळाच्या मोठ्या पोत्याची, हीच वर्षभराच्या मोबाइल रिचार्जची. ज्याच्या हातात थोडे पैसे साठलेत त्याला वस्तू स्वस्त मिळते, नाही त्याला तीच महाग पडते. बचतीचा हा फायदा कुठल्याच व्याजदरात दिसत नाही.

तीन, सामानाची यादी. वाण्याकडे यादी घेऊन जायची आपली जुनी पद्धत फार शहाणपणाची आहे. दहा मिनिटांत सामान आणून देणारी अ‍ॅप अडीनडीला उपयोगी आहेत, नाही कशाला म्हणू. पण ४० रुपयांची कोथिंबीर-मिरची मागवताना घरपोच देण्याचा आकार, हाताळणीचा आकार, आणि ते वाचवायला म्हणून टाकलेला चिप्सचा पुडा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी काय करते, फ्रिजवर एक कागद लावलाय. जे संपतं ते त्यावर लिहायचं आणि आठवड्यातून एकदाच आणायचं.

चार, हप्ते. 'नो कॉस्ट ईएमआय' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यात अनेकदा व्याजाएवढी सूट दिलेली असते, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यालाच भरावी लागते. बारीक अक्षरं वाचा. आणि क्रेडिट कार्डवर 'किमान देय रक्कम' भरून निश्चिंत होऊ नका. बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२. वीस हजार थकले तर महिन्याला ७०० रुपये नुसतं व्याज. शिवाय थकबाकी असताना नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ज्यांच्या कार्डावर थकबाकी आहे त्यांनी आरडीचं नंतर बघावं, आधी कार्ड फेडावं. तीच तुमची सगळ्यात जास्त परतावा देणारी बचत.

पाच, भिशी. ऑफिसात, सोसायटीत आजही जोरात चालते. शिस्त लागते हे खरं. पण ओळखीच्या, रोज भेटणाऱ्या आठ-दहा माणसांपुरतीच ठेवा, आणि तीन महिन्यांचा आपत्तीचा डबा भिशीत कधीच ठेवू नका. पैसे लागतील तेव्हा नंबर तुमचाच असेल असं नाही ना.

सहा, छोटा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो आणि जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा. दुसरीसाठी वय १८ ते ५० हवं. पैसे बँक खात्यातून आपोआप कापले जातात, फक्त मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. घर तुमच्यावर चालत असेल तर हे आजच बघा. एवढ्यानं पुरतं असं नाही, पण सुरुवात म्हणून आहे.

आणि शेवटची सवय पैशांची नाही, बोलण्याची आहे. मित्र म्हणतात, "चल रे, बाहेर जेवू." नाही म्हणायला लाज वाटते म्हणून आपण जातो, मग बिलाची वाटणी होते आणि आपण पनीरही न खाता ६०० देतो. यासाठी एक साधं वाक्य तयार ठेवा. "या आठवड्याचं माझं झालंय, सोमवारनंतर जाऊ." बस. त्यात रडगाणं नाही आणि खोटं कारणही नाही. गंमत म्हणजे तुम्ही हे बोललात की गटातला अजून एकजण हळूच म्हणतो, "बरं झालं बोललीस, माझंही झालंय." मग टपरीवर चहा होतो आणि गप्पा तेवढ्याच रंगतात.

काटकसर आणि चिकटपणा यांत फरक आहे मंडळी. चिक्कू माणूस सगळ्याच गोष्टींना नाही म्हणतो. काटकसरी माणूस कशाला हो म्हणायचं ते आधी ठरवतो, आणि मग त्यावर मन मारून खर्च करत नाही.

या रविवारसाठी तीनच कामं देते. गेल्या महिन्याचं स्टेटमेंट चार खणांत लिहा. 'वर्षातून एकदा' ची यादी करून तिला १२ नं भागा. आणि तुमच्या घराचा एका महिन्याचा कमीत कमी खर्च किती, तो एक आकडा काढा. तो आकडा कळला की तुमच्याकडे किती महिने आहेत हेही कळेल. उत्तर 'शून्य' आलं तरी घाबरू नका, 'आठ दिवस' आलं तरी हरकत नाही. पुढच्या महिन्यात ते दहा दिवस करायचं.

आणि हो, तुमच्या आईचे, आजीचे पैसे कुठल्या डब्यात असायचे ते व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. हा भाग ज्याचा महिना दर वेळी २५ तारखेला संपतो अशा एका मित्राला पाठवा, टोमणा न मारता. स्वतःला जपा, हिशोब लिहा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!